पालक कडू, मुळा तिखटजाळ, काकडी कडवट: चूक माझी की भाजीची?

नवखी माळीण

नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच घरी भाज्या लावल्या. दहा कुंड्या आणि एक लांबट पेटी, ऊन साधारण सकाळी आठ ते दुपारी दोन. पालक, मेथी, लाल माठ, कोथिंबीर, मुळा, काकडीचा एक वेल, टोमॅटोची दोन रोपं आणि एक मिरची, एवढा संसार.

मेथी आणि माठ झकास. माठ तर इतका फोफावला की वाटून वाटून संपेना. बाकीच्यांनी मात्र पार नाचवलंय मला.

पालकाची चार-पाच मोठी पानं मिळाली आणि मग आठवडाभरात मधूनच वीतभर दांडा वर आला. आता नवीन पानं येतात ती बाणाच्या टोकासारखी, चवीला कडसर, आणि खाल्ल्यावर दातांवर खडूची पूड बसल्यासारखं वाटतं. मुळ्याचा पाला हातभर, खाली मुळा करंगळीएवढा, आणि तिखट असा की कान गरम झाले. काकडीच्या वेलाने पहिल्या दोन काकड्या गोड दिल्या, तिसरी देठाकडून कडू. टोमॅटो केशरी होऊन जे अडकलेत ते लाल व्हायला तयार नाहीत. धण्याचे चाळीस दाणे मोजून पेरले होते. सतरा दिवसांनी सहा कोंब.

हे झालं बागेचं. घरात वेगळीच जुंपलीय. सासूबाई म्हणतात लाल माठ खा, रक्त वाढतं, रंगावरूनच कळतं. दीर म्हणतात पालकात काही नसतं, ते लोहाचं प्रकरण म्हणजे कुणीतरी दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिलं होतं. आणि फोनवर रोज येणारा निरोप सांगतो की शेवग्याच्या पानांत दुधाच्या सतरा पट कॅल्शियम असतं. कुणाचं खरं मानू? भाजीचे गुण म्हणतात ते नक्की कशात असतात, हे कुणी नीट सांगेल का? नुसती 'अमकीत अमुक जीवनसत्त्व' अशी यादी नको, ती पाकिटामागेही असते.

---

दोन हात माती

ताई, सगळ्याचं मूळ पाणी. कुंडीतली माती दुपारी तापते, सुकते, संध्याकाळी आपण घागर ओततो. झाडाला वाटतं आज दुष्काळ, उद्या पूर. वाफसा, म्हणजे माती ना कोरडी ना चिखल, सांभाळा. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, ओल लागली तर पाणी नाही. काकडी कडू निघाली तर देठाकडचं टोक कापून त्यानेच घासायचं, पांढरा फेस येतो, कडूपणा उतरतो. उरलंसुरलं शिजवलं की जातं. फार विचार करू नका.

---

जुना फळा

माळीणबाई, तू म्हणते, चालेल ना? सासू-दिरांचा उल्लेख आला म्हणून वयाचा अंदाज बांधलाय.

मी सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. 'ऑक्झॅलिक आम्ल' हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल त्याची गणतीच नाही, पण ते दातांना कसं लागतं हे निवृत्तीनंतर पालक लावला तेव्हा कळलं. तू म्हणतेस ती खडूची पूड, तेच ते. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल आणि कॅल्शियम मिळून बारीक, न विरघळणारे कण होतात, आणि ते दातांवर खरखरतात. तुझ्या पालकाचा त्यात दोष नाही. तो पालकाचा स्वभाव आहे, आणि दांडा धरल्यावर तो जास्त जाणवतो.

आता दांडा का आला? पालक दिवसाची लांबी मोजतो. उजेड साधारण चौदा तासांच्या आसपास गेला की त्याला फुलावर यायची घाई होते, आणि उष्णता असेल तर त्याहून लवकर. एकदा त्याने ठरवलं की पाणी घाल, खत घाल, मनधरणी कर, तो परत पानांवर येत नाही. उपटायचा. माझी फजिती ऐक. एकाच दिवशी, एकाच पाकिटातलं बी मी चार कुंड्यांत पेरलं. दोन कुंड्या दारातल्या दिव्याखाली होत्या, दोन भिंतीच्या पलीकडे अंधारात. दिव्याखालच्या दोन्हींना दांडा आला, पलीकडच्या तीन आठवडे जास्त पानं देत राहिल्या. मी महिनाभर मातीला दोष देत होते. मग एका रात्री पाणी प्यायला उठले आणि बघते तर माझा पालक लख्ख उजेडात उभा. त्याच्या लेखी रात्र झालीच नव्हती! तुझ्या कुंड्यांवर रात्री कुठला दिवा पडतो का, ते आधी बघ.

आणि पालक या नावाने दोन निरनिराळ्या वनस्पतींचं बी मिळतं. एक खरा पालक, ज्याची पानं पुढे बाणासारखी होतात आणि ज्यात नर-मादी झाडं बहुधा वेगवेगळी असतात (नराला फुलायची घाई जास्त). दुसरा बीटाचा सख्खा भाऊ, पान गुळगुळीत, लांबट, उष्णता बऱ्यापैकी सोसणारा. तुझा पहिला दिसतोय. उन्हाळी दिवसांत दुसरा लाव.

दिरांना सांग, दशांश चिन्हाची गोष्ट मीही वर्गात रंगवून सांगितली आहे आणि तिला धड पुरावा नाही हे मला नंतर कळलं. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण २.७ मिलिग्रॅम असतं. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. अडचण आकड्यात नसून ते लोह अंगी लागण्यात आहे. वनस्पतीतलं लोह आतड्याला सहज उचलता येत नाही. सोबत आंबट, क जीवनसत्त्व असलेलं काही असेल, लिंबू, टोमॅटो, कच्ची मिरची, तर जास्त उचललं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी.

सासूबाईंना हे सांगताना जरा जपून. माठाचा लाल रंग आणि लोह यांचा काही संबंध नाही. तो रंग बेटालेन नावाच्या रंगद्रव्याचा, बीटातही तोच. माठ, पालक, बीट, चाकवत, राजगिरा हे सगळे एकाच गोतावळ्यातले. माठात लोह आहेच, पण हिरव्या माठातही आहे. तेव्हा सासूबाईंची भाजी बरोबर, कारण चूक. (माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी वाढलेला माठ मुकाट्याने खाल्ला आणि ते शहाणपणाचं ठरलं.) माठ तुझ्याकडे फोफावला याचंही कारण आहे. त्याची उन्हातून अन्न बनवायची पद्धत मक्या-उसाच्या पठडीतली आहे. पालक ज्या उष्णतेत मान टाकतो तिथे माठ कामाला लागतो.

कॅल्शियमची गंमत अशी. पालकात शंभर ग्रॅमला जवळजवळ शंभर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या तोडीचं. पण मोजून पाहिलं तेव्हा दुधातलं साधारण २७ टक्के अंगी लागलं आणि पालकातलं ५ टक्के. उरलेलं त्या ऑक्झॅलिक आम्लाने धरून ठेवलेलं. कोबीच्या कुळातल्या केलमध्ये हे आम्ल फारसं नसतं, म्हणून त्याचं कॅल्शियम दुधाच्याही वरचढ लागलं. पाकिटामागच्या यादीत हे कधी लिहिलेलं नसतं. यादी पानात काय आहे ते सांगते, पोटात काय पोचतं ते नाही.

पालक उकळून पाणी फेकलं तर विरघळणारं ऑक्झॅलेट (त्याच आम्लाचं क्षाररूप) ३० टक्क्यांपासून ८७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं आढळलंय. वाफवल्याने त्याहून कमी जातं. पण त्याच पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही वाहून जातं, तेव्हा दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. मुतखड्याची तक्रार असलेल्याने पाणी फेकावं. बाकीच्यांनी पालक रोज न खाता आलटून पालटून भाज्या खाल्ल्या तरी भागतं.

शेवग्याचा निरोप मलाही रोज येतो. सतरा पट हा आकडा वाळवलेल्या पानांच्या भुकटीचा आहे. भुकटीत शंभर ग्रॅमला सुमारे दोन हजार मिलिग्रॅम, दुधात एकशेवीस, भागाकार सतराच्या जवळ येतो. पण भुकटीतलं पाणी काढलेलं, दुधातलं तसंच! मनुका घेऊन द्राक्षांशी शर्यत लावावी तसं हे. आणि शंभर ग्रॅम भुकटी खाणार कोण? चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम धरले तर साठ मिलिग्रॅम होतात, पन्नास मिलिलिटर दुधाएवढे. पानं चांगलीच आहेत, ताजीसुद्धा. निरोप तेवढा वाईट.

मुळ्याकडे येते, कारण मुळा मला फार आवडतो. जमिनीत असतो तोवर मुळा तिखट नसतोच. ऐक. त्याच्या पेशीत एका कप्प्यात गंधकयुक्त एक पदार्थ असतो, दुसऱ्या कप्प्यात त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. दोघांची भेट होत नाही. आपण चावतो, कप्पे फुटतात, दोघं भिडतात, आणि तिखट त्या क्षणी तयार होतं. किड्यासाठी केलेली तयारी आहे ती, आपण मधे आलो. म्हणून किसलेला मुळा फोडीपेक्षा झणझणीत, आणि शिजवलेला मवाळ, कारण उष्णतेने विकर निकामी होतं. मोहरीचा पाला, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, सगळ्यांकडे हीच युक्ती कमी-जास्त प्रमाणात. त्यातले कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि केल तर एकाच जातीच्या वनस्पतीची रूपं आहेत. कुणाची पानं माणसाने वाढवली, कुणाचा देठ, कुणाचा फुलोरा.

तुझा मुळा तापलेल्या आणि मधेच कोरड्या पडणाऱ्या मातीत वाढला म्हणून इतका तिखट. आणि पालाच पाला झाला याचं कारण दाटी, किंवा नत्र जास्त. विरळणी केलीस का? दोन मुळ्यांत चार बोटं जागा हवी. मन घट्ट करून मधली रोपं उपट. उपटलेला पाला खायचा, त्यात क जीवनसत्त्व मुळ्यापेक्षा जास्त असतं. एखादा मुळा मुद्दाम राहू दे. फुलून शेंगा येतील त्या डिंगऱ्या, कोवळ्या असताना कच्च्या खाव्यात. मला मुळ्यापेक्षा डिंगरी प्यारी.

टोमॅटो: दिवस फार तापलेत का? तिसेक अंशांच्या वर गेलं की लाल रंगाचं लायकोपीन बनणं मंदावतं, पिवळी-केशरी रंगद्रव्यं मात्र बनत राहतात. म्हणून अडकतात. रंग फिरू लागलेलं फळ तोड आणि घरात, सावलीत, विशी-पंचविशी अंशांत ठेव. पिकायला त्याला ऊन लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, वास मरतो.

धण्याचा दाणा खरं तर दोन बियांची जोडी असते. लाटण्याने हलकेच दाबून दोन फाका कर, पीठ नको करूस. रात्रभर भिजव आणि जिथे वाढवायचीय तिथेच पेर. सोटमूळ असल्याने उपटून लावणं तिला सोसत नाही. उगवायला एरवीही आठ दिवसांपासून वीस दिवसांपर्यंत लागतात, तेव्हा सतरा दिवस म्हणजे उशीर नव्हे, सहा कोंब म्हणजे बी जुनं असावं.

मेथीबद्दल तक्रार नाही म्हणून एवढंच: ती डाळींच्या कुळातली, मुळांवर गाठी असतात, तिला नत्राचं खत घालत बसू नकोस.

---

नवखी माळीण

तू म्हणा हो काकू, नक्की. दिवा! जिन्यातला दिवा रात्रभर चालू असतो आणि पालकाची पेटी बरोब्बर त्याच्या खाली. मी तर तिला 'उजेडाची जागा' म्हणून मुद्दाम तिथे ठेवलं होतं.

विरळणी केली नव्हती. जीव झाला नाही.

काकडीचं राहिलं. वर दादांनी सांगितलं तसं टोक घासून बघितलं, फेस आला, पण काकडी कडूच. चुकलं का काही?

---

जुना फळा

चुकलं काही नाही. दोन हात माती, पाण्याबद्दल तुमचं शंभर टक्के पटलं, वाफसा हा शब्द वाचूनच बरं वाटलं. पण टोकाच्या फेसाने कडूपणा उतरत नाही. काकडीतला कडूपणा देठाच्या टोकाला आणि सालीखाली जास्त असतो. टोक कापून टाकलं, साल जाड काढली, म्हणून उरलेली बरी लागते. श्रेय घासण्याला मिळतं.

'शिजवलं की जातं' हे मात्र मी तसंच सोडून देणार नाही, कारण ते काही भाज्यांत खरं आहे, काहींत अर्धवट खरं आणि काहींत जिवावर बेतणारं.

काकडी, दुधी, दोडका, भोपळा या कुळात कुकरबिटासिन नावाचे कडू पदार्थ असतात. माणसाने पिढ्यान् पिढ्या गोड फळांचं बी राखून ते जवळजवळ घालवले. पण वेलाला पाण्याचा ताण पडला, तापमान फार वरखाली झालं, किंवा जवळच्या जंगली वेलाचा पराग लागून बनलेलं बी पुढच्या वर्षी पेरलं, की ते परत येतात. ते उकळून जात नाहीत. काकडीत थोडेसे असतील तर तोंड वाकडं होतं इतकंच. पण कडू दुधीचा रस 'औषधी आहे' म्हणून नाक दाबून पिणारे लोक रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात गेलेत, काही दगावलेत. दुधी चिरला की एक पातळ फोड जिभेला लावायची. कडू लागली तर थुंकायची, चूळ भरायची आणि अख्खा दुधी कचऱ्यात. शिजवून बघू, गूळ घालून बघू, काही नाही.

कारलं याला अपवाद का? त्याचं कडूपण नात्यातलंच असलं तरी वेगळ्या पदार्थांचं आहे आणि आपण खातो तेवढ्याने बाधत नाही. कडू असणं हा कारल्याचा गुण, आणि तेच कडू दुधीत आलं तर धोक्याची खूण. जिभेला दोन्ही सारखंच लागतं, म्हणून ओळख आपण ठेवायची.

अळूचं उलट. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशात अक्षरशः टोचतात. भरपूर शिजवलं, सोबत आंबट घातलं की खवखव जाते. घाई केली की सगळं घर घसा खाकरत बसतं. कच्चं पान तर चाखूनही बघू नये.

आणि राजमा-घेवड्याचे वाळलेले दाणे. त्यांत एक प्रथिन असतं, चार-पाच कच्च्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळावे लागतात. मंद आचेवर तासन् तास नुसते कोमट शिजवले तर बाधायचा संभव उलट वाढतो. बटाट्याचा हिरवा भाग आणि कोंब यांतलं विषही शिजवून जात नाही, कापून टाकायचं. फार हिरवा असेल तर बटाटाच टाकायचा.

जीव झाला नाही म्हणतेस. माझाही व्हायचा नाही. पण दाटीत ठेवलेल्या वीस रोपांतून एक मुळा मिळत नाही, हे दोन हंगाम बघितल्यावर हात आपोआप चालायला लागले.

---

उगाच वाचक

मी बाग करत नाही, पण एक विचारतो. वडिलांना रक्त पातळ ठेवायची गोळी, वॉरफरिन, सुरू झाली आहे. नातेवाइकांनी सांगितलं की पालेभाजी एकदम बंद करा. ते बिचारे आता नुसता बटाटा खातात. बरोबर आहे का?

---

जुना फळा

डॉक्टरांनी तसं सांगितलंय का, की नातेवाइकांनीच? आधी डॉक्टरांना विचारा, मी रसायनवाली, वैद्य नाही. पण कारण समजून घ्या. ती गोळी के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते आणि पालेभाज्यांत के भरपूर. मोठ्या माणसाला दिवसाला ९० ते १२० मायक्रोग्रॅम पुरतं, शंभर ग्रॅम कच्च्या पालकात पावणेपाचशेच्या वर असतं, कोथिंबिरीत तीनशेच्या आसपास, कोबीत ऐंशीच्या आत, काकडीत पंधरा-सोळा. गोळीचा डोस रक्त तपासून ठरवतात, तो माणूस जे नेहमी खातो ते धरूनच. त्यामुळे घोटाळा पालेभाजी खाण्याने होतो त्यापेक्षा महिनाभर बंद ठेवून एक दिवस मोठी वाटी खाल्ल्याने होतो. प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा, असंच सहसा सांगतात. आता एकदम बंद केलीच आहे, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्यानेही तपासणीचा आकडा हलतो.

---

दोन हात माती

घासण्याचं मान्य. आजीपासून करत आलो, आज कळलं. पण काकू, रसायन पुरे, चव खतातून येते. मी सगळं शेणखतावर काढतो, रसायनाचा कण नाही, म्हणून माझी भाजी निर्धोक. यावर काय म्हणणं?

---

जुना फळा

शेणखत मीही घालते, मातीचा पोत त्याशिवाय सुधारत नाही. पण पानाला नत्र कुठून आलं ते कळत नाही. शेणाचं असो की गोणीतलं, मुळं ते मुख्यतः नायट्रेट म्हणूनच उचलतात. पानात त्याचं प्रथिन व्हायला उजेड लागतो. सावलीत वाढवलेल्या पालेभाजीला भरमसाट खत दिलं, अगदी शेणखत दिलं, तरी नायट्रेट पानात साठून राहतं. गडद हिरवी, लुसलुशीत दिसते आणि चवीला पाणचट. खत कमी, ऊन पुरेसं, हा माझा हिशेब.

यातूनच आणखी एक: पालेभाजी कधी खुडायची? पहाटे खुडली तर पाण्याने भरलेली, कुरकुरीत, टिकायला चांगली. दुपार कलल्यावर खुडली तर दिवसभराच्या उन्हाने साखर जास्त, नायट्रेट कमी. ठेवायची असेल तर सकाळी, लगेच खायची तर उतरत्या उन्हात. मी दोन्ही करते, लहरीप्रमाणे.

आता घोळ या पालेभाजीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नातीला मी सकाळी सहाला घोळीचं एक पान दिलं, ती म्हणाली, आंबट आहे. संध्याकाळी पाचला त्याच कुंडीतलं दिलं, म्हणाली, ही वेगळी भाजी आहे. मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. मग मी स्वतः आठ दिवस दोन्ही वेळा चावून बघितलं. खरंच वेगळी! कारण पुस्तकात सापडलं, म्हणजे माझ्याच विषयात. पाणी कमी पडलं की घोळ दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते, ओल उडू नये म्हणून. रात्री उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा त्याचाच. दिवसा ते आम्ल वापरून अन्न बनवते, संध्याकाळपर्यंत आंबटपणा संपतो. ज्या आठवड्यात मी रोज पाणी घातलं त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळचा फरक जाणवेनासा झाला. एकच झाड, एकच पान. गुण विचारला होतास ना माळीणबाई, मग सांग, घोळ आंबट की नाही?

शिवाय जवसात असतं त्या जातीचं ओमेगा-३ स्निग्ध आम्लही घोळीत असतं, पालेभाज्यांत चांगल्यापैकी. ऑक्झॅलेटही आहे, तेव्हा पालकाचं पथ्य हिलाही लागू. आणि लावावी लागत नाही. कुठल्या तरी कुंडीत आपणच येऊन बसते.

---

नवखी माळीण

काकू, थांबा. लालसर मांसल देठ, जाड चमच्यासारखी छोटी पानं, जमिनीला लगटून पसरणारी? ती मी गेले दोन महिने तण म्हणून उपटून टाकतेय! मिरचीच्या कुंडीत आत्ताही दोन आहेत.

पालकाची पेटी दिव्याखालून हलवली. आतला दांडेवाला पालक उपटला, मुळाही विरळला, डोळे मिटून. बी-पाकीट पुन्हा बघितलं, धणे तीन वर्षांपूर्वीचे निघाले. सासूबाईंना माठाच्या रंगाचं काही बोलले नाही. उद्या सकाळी सहाला घोळ चावून बघते आणि इथे लिहिते.

---

जुना फळा

चावायच्या आधी देठ मोडून बघ. तशीच जमिनीलगत पसरणारी, लाल देठाची, दुधी म्हणतात ती (दुधी भोपळा नव्हे) एक वनस्पती असते, ती विषारी. तिचं पान पातळ असतं आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीतून नुसतं पाणी निघतं. चीक दिसला तर हात धू आणि उपट तिला. पाणी निघालं तर मिरचीचं पाणी दोन दिवस जरा कमी कर, म्हणजे सकाळची आंबट लागेल.